ऊब, फक्त ४९९ रुपयांत

भाच्याला जयगडला नोकरी लागली. बंदरातल्या मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ठेकेदाराकडे. राहायला खोलीही मिळाली. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे चार माड आणि दिवसभर खाडीचा वारा. घरमालकीण काकी शेजारच्याच घरात. "खोलीला लुक नाही मामा," तो फोनवर म्हणाला, "पण पाच हजारांत मी ती कोझी करून टाकतो."

"कोझी म्हणजे काय रे?"

"उबदार."

महिना एप्रिलचा होता. जयगडला एप्रिलमध्ये ऊब विकत आणणं म्हणजे कऱ्हाटेश्वराच्या पायऱ्यांवर उभं राहून खालच्या समुद्रात मीठ टाकणं. पण हल्लीच्या पोरांना मोबाइलवर जे दिसतं ते खिडकीतून दिसत नाही. आठवड्यात खोकी येऊन पडली. विटांची भिंत छापलेले फोमचे चिकटवायचे तक्ते, केसाळ गालिचा, बारीक दिव्यांची माळ, प्लास्टिकची वेल, व्हॅनिलाच्या वासाची मेणबत्ती, उजेडाचा कण आत येऊ न देणारे जाड पडदे. बहुतेक वस्तूंवर किंमत एकच, ४९९. पाचशे म्हटलं की खर्च होतो, चारशे नव्व्याण्णव म्हटलं की बचत.

या उबेचं मूळ गाव डेन्मार्क. तिकडे तिला 'ह्युगे' म्हणतात. डिसेंबरात कोपनहेगनला दुपारी साडेतीन-पावणेचारलाच सूर्य मावळतो. मग आत बसायचं, मेणबत्ती लावायची, लोकरीचे मोजे चढवायचे, गरम काहीतरी प्यायचं. करणार काय बिचारे? अंधाराशी केलेली ती तडजोड आहे. २०१६ साली या शब्दावर पुस्तकांचा पूर आला, ऑक्सफर्डवाल्यांनी वर्षाच्या शब्दांच्या छोट्या यादीत त्याला बसवलं, आणि तिथून तो आपलं हवामान घरी ठेवून जगभर हिंडायला निघाला. हिंडत हिंडत १७ अक्षांशावरच्या जयगडला पोहोचला. इथे सूर्य डिसेंबरातही सहाच्या आत समुद्रात उतरत नाही आणि मे महिन्यात लोकरीच्या मोज्यांचा नुसता विचार केला तरी माणूस घामाघूम होतो.

मेमध्ये खोली बघायला गेलो. जाताना रत्नागिरीत एसटीला अवकाश होता म्हणून थिबा राजवाड्यात डोकावलो. कमी खर्चात आराम या विषयाला तोही धरूनच आहे, फक्त उलट बाजूने. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि चोवीस वर्षं इकडच्या-तिकडच्या बंगल्यांत काढायला लावून १९१० मध्ये राजवाडा बांधून दिला. जांभा दगड, लाकडाचं नक्षीकाम, अर्धगोल खिडक्या, समोर समुद्र. खर्च त्या काळचे लाखाहून जास्त रुपये. राजा त्यात सहा वर्षं राहिला आणि १९१६ साली तिथेच वारला. घरी जायची परवानगी मात्र सजावटीत धरलेली नव्हती.

निवळी फाट्यावरून जाकादेवी, खंडाळा करत जयगड गाठलं. भर दुपारी खोलीत पडदे ओढलेले, खिडक्या लावलेल्या, दिव्यांची माळ लुकलुकतेय आणि पंखा गरम हवा इकडून तिकडे पोहोचवतोय. आणि चिऱ्याच्या भिंतीवर विटांचा फोम!

इथे जरा थांबायला हवं. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा इंग्रजांचा एक डॉक्टर मलबारात हिंडत असताना त्याला लोक हाच दगड खाणीतून विटांसारखा कापताना दिसले. ओला असताना लोखंडाने तासता येतो, वारा लागला की कडक होतो. बुकॅननने १८०७ साली छापलेल्या ग्रंथात त्याचं नाव ठेवलं लॅटेराइट. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. थोडक्यात, ज्या दगडाचं नावच 'विटेचा दगड' आहे, त्याच्यावर माझ्या भाच्याने विटेचं चित्र चिकटवलं होतं. चीनमधून मागवून.

काकी चहा घेऊन आल्या. भिंतीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "भिंतीला चीर गेली होती काय रे? मग मला सांगायचंस. झाकलीस कशाला?"

त्याने त्यांना लुक समजावला. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि मुद्द्यावर आल्या. कौलं परतणारा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय, मी भाडं कमीच घेते, तर निम्मी मजुरी तू घाल. भाचा म्हणाला, "बजेट संपलं काकी." काकी म्हणाल्या, "बरं." कोकणातल्या बायकांच्या 'बरं'मध्ये पुढच्या चार महिन्यांचा हवामान अंदाज असतो. तो वाचायला शिकलं पाहिजे.

मग जून आला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो लुक बघून पडत नाही. पहिली रात्र भाच्याने फोनवर वर्णून सांगितली. दीडच्या सुमाराला अंधारात थप्प असा आवाज. थोड्या वेळाने आणखी एक थप्प. त्याला वाटलं भूत. गोष्ट खोटी वाटायचं कारण नव्हतं, कारण जयगडचा बुरूज उभा राहीना म्हणून जयबा नावाच्या माणसाने स्वतःला त्यात चिणून घेतलं, हे काकींनी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. सकाळी बघतो तर ओल धरलेल्या भिंतीवरून विटा एकेक करून उतरल्या होत्या. जयबाच्या बुरुजाला माणूस लागला, या भिंतीला गोंदही पुरला नाही.

गालिचा मुळात केसाळ, त्यावर बुरशीचे आणखी केस उगवले. उचलला तेव्हा खाली डझनभर पैसे निघाले, वेटोळं करून बसणारे, पुष्कळ पायांचे. पाच हजारांतून परत मिळालेले पैसे एवढेच. लाइट गेली होती. गावाला लागून १२०० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, पण फांदी तारेवर पडली की मेगावॅट तरी काय करणार? म्हणून त्याने व्हॅनिलाची मेणबत्ती काढली. काडेपेटी सर्दलेली. अकरा काड्या ओढल्या, त्याने मोजल्या. बाराव्या काडीला लालूच दाखवावी तसा फुंकर घालत बसला असताना वरून थेंब पडला. नेमका मेणबत्तीच्या वातीवर. ज्या कौलाखालून थेंब आला ते कौल मेमध्ये परतायचं राहिलं होतं, हे सांगायला नकोच.

प्लास्टिकच्या वेलीचं दुःख वेगळं. जुलैत काकींच्या पडवळाच्या वेलीने गजांतून आत हात घातला आणि तिच्याच खिळ्याला विळखा मारला. पाहुणीने घरधनिणीला हुसकून लावावं तसं झालं. फक्त इथे पाहुणी कोण, यावर मतभेद होऊ शकतो.

मी पुन्हा गेलो ते गणपतीत. खोली ओळखू येईना. श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा काकींनी गड्याकडून भिंतींना चुना काढून घेतला होता, चिमूटभर नीळ घातलेला. चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंतीला श्वास घेता येतो. किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत. याच चुन्यावर लाल कावेचा थर देऊन तो नक्षीने खरवडायचा, की खालचा पांढरा रंग चित्र होऊन वर येतो. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला ती हीच. दोन रंग, एक टोकदार सळई, आणि वर्षानुवर्षं टिकणारी फुलं. गोंद नाही.

पडदे गेले होते, त्यांच्या जागी काकींच्या जुन्या सुती लुगड्याचे दोन तुकडे. खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली. अंगावर घ्यायला गोधडी. आणि गळक्या कौलाच्या जागी काचेचं कौल. सकाळी नऊला त्यातून ताटाएवढा उजेड भिंतीवर उतरला, दहाला उशीवर आला, अकराला जमिनीवर. भाचा त्यावरून घड्याळ लावायला शिकला होता. संध्याकाळी काकींनी शेगडीतले निखारे घमेल्यात घालून वर धूप टाकला आणि घमेलं खोलीत फिरवलं. डास पळाले, ओला वास गेला. वलणीवरच्या त्याच्या शर्टांना ऊब आली. होय, ऊब. जुलै-ऑगस्टात तिला इथे खरोखर भाव असतो, पण ती चुलीजवळ मिळते, कुळथाच्या पिठीबरोबर.

काकींच्या घरात गणपतीवर मंडपी बांधली होती. तळकोकणात हिला माटवी म्हणतात. आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं. सगळं आदल्या दिवशी रानातून आणि परसातून आलेलं. भाचा शिडीवर चढून बांधायला मदत करत होता. मी खर्च विचारला. "सुतळीचे दहा रुपये," काकी म्हणाल्या. "तीही गेल्या वर्षीची शिल्लक होती."

काकींकडचे जुना कंदील आणि पाटा मात्र जागेवर नव्हते. गणपतीपुळ्याकडच्या कुणा रिसॉर्टवाल्याने चांगले पैसे देऊन नेले. शहरातून येणाऱ्या लोकांना तिथे कोझी वाटतं म्हणे.

फोमच्या शिल्लक तक्त्यांचं काय केलंस, असं विचारलं. तो म्हणाला, काकींनी कोंबड्यांच्या खुराड्याला आतून लावले होते. कोंबड्या आत जाईनात, म्हणून काढले.

भाच्याने पुढच्या मेच्या पहिल्या आठवड्यासाठी कौलं परतणाऱ्याची तारीख आत्ताच घेऊन ठेवली आहे, आगाऊ पाचशे देऊन. चारशे नव्व्याण्णव तो घेत नाही. तुमचंही घर कौलारू असेल तर त्याला आजच सांगून ठेवा. मेच्या अखेरीस तो माणूस देवालाही सापडत नाही.