आमचा नदीजोड प्रकल्प

केन आणि बेतवा जोडायच्या की नाही यावर सरकारनं वर्षानुवर्षं खल केला. भूमिपूजन झालं ते 25 डिसेंबर 2024 रोजी. आम्ही मुंबईच्या उपनगरवाल्यांनी भातसा आणि दहिसर या नद्या कधीच जोडून टाकल्या. नारळ नाही, फीत नाही, फ्लेक्ससुद्धा नाही! भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून आमच्या नळाला येतं, मोरी-संडासातून पुढे सरकतं आणि वाट मिळेल तसं दहिसर, पोयसर, ओशिवरा नाहीतर मिठीत उतरतं. तिकडे शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात म्हणे. असू दे. मोठ्या प्रकल्पात थोडा त्याग कुणाला तरी करावाच लागतो.

लाभ बघा ना. या मूळच्या पावसाळी नद्या, त्या बारमाही झाल्या. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत दहिसर नदी उन्हाळ्यात नुसते खडक दाखवत पडलेली असते. श्रीकृष्णनगर, दौलतनगर मागे टाकत ती कंदरपाड्याकडे जाते, तेव्हा भर मे महिन्यात वाहत असते. झोपडपट्टी हातभार लावते, तबेले शेण देतात, आणि ज्या टॉवरच्या जाहिरातीत ‘रिव्हर व्ह्यू’ असतो तोही मागे राहत नाही. मोठ्या संकुलांनी सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवावं असा नियम आहे. यंत्र बसतं. विजेचं बिल बघितलं की झोपतं. तपासणीला साहेब येणार म्हटलं की उठून बसतं.

महापालिकेचंही कौतुक करायला हवं. पावसाचं पाणी पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, मैला मलनिःसारण खात्याकडे, अशी चोख वाटणी आहे. मैला पावसाच्या गटारात शिरला, की तो नेमका कुणाचा? मलनिःसारणवाले म्हणतात, आमच्या वाहिनीत नाही. पर्जन्यवाले म्हणतात, हा पाऊस नव्हे. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत मैला मनोरीच्या खाडीत पोचलेला असतो. एवढी तत्पर सेवा दुसऱ्या कुठल्याच अर्जाला मिळत नाही.

उपाय झालेच नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. 2018 साली या चार नद्यांसाठी गाणं निघालं. सोनू निगम आणि अमृता फडणवीस गायले, खुद्द मुख्यमंत्री आणि पालिका आयुक्त पडद्यावर झळकले. नद्यांनी मात्र ताल धरला नाही. मग 19 जानेवारी 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर अशा सात मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. क्षमता रोज 246 कोटी लिटर, खर्च सुमारे 17,200 कोटी रुपये. केंद्रं हवीतच, इथे थट्टा नाही. पण केंद्रापर्यंत मैला नेणार कोण? तो मलवाहिनीतून आला तर शुद्ध होणार; नाल्यातून नदीत पळाला तर हे कोट्यवधी रुपये खाडीकाठी त्याची वाट बघत बसणार.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत पार्किंगचं भांडण पाच मिनिटं थांबवा आणि एवढंच विचारा: आपल्या इमारतीची मैल्याची नळी मलवाहिनीला जोडलीय की मागच्या नाल्याला? सेक्रेटरींनी घाईघाईनं चहा-समोसे मागवले, तर उत्तर मिळालं असं समजा.