कारण न शोधण्याची थोरवी

मोशन ग्राफिक्सचे काम करणारी मुले-मुली आता तालुक्याच्या गावीही भेटतात. लग्नपत्रिकेचा व्हिडिओ, साहेबांच्या वाढदिवसाची झलक, यूट्यूबवरचे बातमीपत्र, कीर्तन महोत्सवाचा प्रोमो, सगळे त्यांच्याच हातून बाहेर पडते. या व्यवसायाने एक कार्यपद्धती घडवली आहे आणि तिचा यथोचित गौरव अजून कुणी केलेला नाही. बिघाड झाला की त्याचे कारण शोधायचे नाही, तो फक्त दिसेनासा करायचा. आधी सॉफ्टवेअर बंद करून चालू करायचे. नाहीच भागले तर संगणक. तरीही अडले तर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचे आणि त्या गडबडीत आधीची सगळी सेटिंग्ज गेली तर गेली म्हणायचे.

या पद्धतीचा पहिला लाभ सामाजिक आहे. कारण कळले की चूक कुणाची तेही कळते आणि मग कार्यालयातले वातावरण बिघडते. संगणकाला दोष दिला तर कुणाचेच मन दुखावत नाही. पडद्यावर उमटलेला त्रुटीचा क्रमांक न वाचता ‘ओके’ दाबणारा माणूस सहकाऱ्यांमधला सलोखा टिकवतो, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

‘प्रीव्ह्यू अडकतो’ ही सर्वांत जुनी तक्रार घ्या. १९२० बाय १०८० चे एक चित्र, पारदर्शकतेच्या चौथ्या वाहिनीसह आठ बिटांत उघडले, की स्मृतीत सुमारे ८३ लाख बाइट व्यापते. सेकंदाला २५ चित्रे धरली तर एका सेकंदाला २०० एमबीहून अधिक, म्हणजे मिनिटाला १२ जीबीच्या आसपास. प्रकल्प ३२ बिटांवर ठेवला की याच्या चौपट. पेन ड्राइव्हवर मावलेली चिमुकली एमपी-फोर फाइल संगणकाला का जड जाते, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे. पण गुणाकार केला की प्रीव्ह्यू निम्म्या रिझोल्यूशनवर बघावा लागतो, न लागणारे लेयर बंद ठेवावे लागतात, डिस्क कॅश वेगळ्या वेगवान ड्राइव्हवर न्यावी लागते. त्यापेक्षा आपली मंडळी दर अर्ध्या तासाने सगळी कॅश पुसून टाकतात. त्यामुळे तयार झालेला प्रीव्ह्यूही पुसला जातो, तो पुन्हा तयार होईपर्यंत सर्वांना सक्तीची विश्रांती मिळते आणि मालकाला नवा संगणक घेण्याचे समाधान लाभते.

कडांच्या बाबतीत तर या पद्धतीने कलाक्षेत्रात भर घातली आहे. पांढरा फेटा बांधलेले साहेब पार्श्वभूमीपासून वेगळे करून आणलेले असतात. फेट्याचा तुरा विरळ कापडाचा, अर्धपारदर्शक. फाइल काळ्यावर ‘प्रीमल्टिप्लाय’ केलेली, म्हणजे रंग पारदर्शकतेने आधीच गुणलेला. निम्म्या पारदर्शक पांढऱ्या ठिपक्याचा आकडा २५५ चा १२८ होऊन आलेला असतो. सॉफ्टवेअरला ती फाइल ‘स्ट्रेट’, म्हणजे न गुणलेली, आहे असे सांगितले गेले की तो पुन्हा गुणला जातो आणि ६४ वर येतो. मागे शुभ्र पांढरे आकाश असले तरी तिथे १९१ चा करडा उमटतो आणि तुऱ्याभोवती काजळी धरल्यासारखी कड दिसते. उपाय फुटेजवर उजवी टिचकी मारून ‘इंटरप्रीट फुटेज’मध्ये एक पर्याय बदलण्याचा आहे. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली एका शोधनिबंधात हा गुणाकार नीट मांडून ठेवला. एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांच्यासह त्या दोघांना १९९६ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने तांत्रिक पुरस्कारही दिला. पण पुरस्कार मिळालेल्या गोष्टी वापरल्याच पाहिजेत असे थोडेच आहे? आपल्याकडे ‘चोकर’ नावाचा इफेक्ट लावून कडच दोन पिक्सेल आत कुरतडली जाते. काळी रेघ जाते. तुऱ्याची झालरही जाते, कानाची पाळी थोडी आत सरकते आणि साहेब कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात. कार्यकर्ते मात्र खूष होतात, कारण आता साहेब उठून दिसतात. ते दिसतात हे खरेच आहे.

फ्रेमच्या गतीबाबतही असेच औदार्य आढळते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दूरचित्रवाणी २५ फ्रेमची. अमेरिकेने १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरवताना ३० ची गती किंचित खाली आणून २९.९७ केली, ती त्यांची अडचण होती. तरीही परदेशी टेम्पलेट उघडले की गती २९.९७ येते आणि आपण ती पाहुणचार म्हणून तशीच ठेवतो. त्यात २५ चे फुटेज टाकले की दर सेकंदाला जवळपास पाच फ्रेम दुबार दाखवाव्या लागतात आणि वरातीवरून फिरणारा कॅमेरा उचक्या दिल्यासारखा चालतो. कॉम्पोझिशनच्या सेटिंग्जमधला एक आकडा बदलणे हा रूक्ष मार्ग झाला. त्याऐवजी फ्रेम ब्लेंडिंग लावले जाते आणि नवरदेव प्रत्येक पावलाला स्वतःच्याच सावलीसह पुढे येतो. मोबाइलवर चित्रित केलेल्या मुलाखतीची गती मुळातच कमी-जास्त होत असते. तिला आधी स्थिर गतीत बदलून घ्यायचे नाही असे ठरले की पाचव्या मिनिटाला वक्त्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. मग आवाजाची पट्टी कानाच्या अंदाजाने थोडी पुढे, थोडी मागे. दहाव्या मिनिटाला पुन्हा तेच. हाताला काम मिळते.

हरवलेल्या फुटेजबद्दल फार लिहायला नको. प्रकल्पाच्या फाइलमध्ये चित्रे नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, हे समजून ‘कलेक्ट फाइल्स’ करणारा माणूस सहकाऱ्यांवर अविश्वास दाखवतो. नुसती प्रकल्पाची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवावी. समोरच्याला सगळीकडे रंगीत पट्ट्या दिसतात आणि रात्री साडेअकराला फोन करायला निमित्त मिळते.

मात्र मराठी अक्षरांच्या सेवेत या पद्धतीने जे केले त्याला तोड नाही. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना अलीकडे आणावी लागते. हे न कळणारे मजकुराचे इंजिन असेल तर ‘विवाह’मधली वेलांटी व ओलांडून पलीकडे जाऊन बसते आणि ‘श्री’चे ‘श्‌री’ होते. सॉफ्टवेअरच्या बऱ्याच आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ या सदरात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचे इंजिन निवडता येते. तिथवर जाण्याऐवजी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केला जातो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मुलीच्या वडिलांचे नाव इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हांच्या भेंडोळ्यात बदलते. त्यावरही तोडगा निघाला आहे. मजकुराचे चित्रच करून टाकायचे. मग त्यात शोधता येत नाही, तपासता येत नाही, एखादा काना राहिला तर तो घालता येत नाही. ‘शुभविवाह’ऐवजी ‘शुभविवह’ गेले की पत्रिका पाहणारे पाहुणे लग्न लागेपर्यंत बोलायला विषय शोधत नाहीत. संतांपासून चालत आलेली लिपी आपण अशी दुरुस्तीच्या पलीकडे नेऊन ठेवली आहे.

या सगळ्याचे श्रेय एकट्या मुलांना देणे अन्यायाचे होईल. कोणते बटण कुठे आहे ते शिकवून ते कशासाठी आहे हे अभ्यासक्रमाबाहेर ठेवणारे क्लास, ‘का?’ विचारणाऱ्याला ‘तू रेंडर मार’ असे सांगणारे वरिष्ठ आणि ‘एवढंच तर बदलायचंय’ म्हणत पहाटेपर्यंतच्या दुसऱ्या रेंडरचे पैसे न देणारे ग्राहक, या तिघांनी ही परंपरा जिवापाड जपली आहे. तिची किंमत विशी-बाविशीतली पोरे झोप आणि डोळे देऊन चुकती करतात आणि इतर कुणावर तिचा भार पडू देत नाहीत.

काळजी वाटते ती वेगळ्याच प्रकारच्या व्यक्तींची. एखाद्या स्टुडिओत कोपऱ्यात बसणारी अशी एखादी मुलगी असते. काम अडले की ती आधी प्रकल्पाची प्रत काढते, त्रुटीचा क्रमांक जसाच्या तसा वहीत उतरवते, निम्मे लेयर बंद करून बघते, मग उरलेल्यांतले निम्मे, असे करत दोषी लेयरपाशी पोहोचते. एका वेळी एकच सेटिंग बदलते आणि काय झाले ते लिहून ठेवते. तीच अडचण पुढच्या महिन्यात आली की वही उघडते आणि सातच्या एसटीने घरी जाते. अशाने इतरांच्या मनात काय येईल याचा विचार व्हायला हवा. तिला वेळीच वरच्या जागी बसवून बैठकांमध्ये गुंतवावे आणि वही जमा करून घ्यावी, असे आमचे नम्र सुचवणे आहे. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी तिची पाने मोबाइलवर टिपून घेतली असल्यास तेही तपासावे.