दारातली गाडी

पाडव्याच्या मुहूर्तावर आम्ही गाडी घेतली, ती 'रोजच्या गरजेसाठी'. चाकाखाली लिंबं चिरडून, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून ती सदाशिव पेठेत आली आणि सोसायटीखाली दोन खांबांच्या मधे उभी राहिली. अजून तिथेच आहे.

रोजच्या गरजांची यादी आधीच केली होती. ऑफिस, भाजी, दळण, आईचा दवाखाना. ऑफिस पिंपरीला, पण मंडईपासून थेट मेट्रो असताना गाडी काढायला मी काय वेडा आहे? भाजीला गाडी नेली, तर ती लावायला जागा डेक्कनला मिळते आणि तिथून मंडईत यायला रिक्षा करावी लागते. दवाखान्याच्या रस्त्यावर पी-१, पी-२च्या पाट्या. सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. आईचा गुडघा कॅलेंडर बघून दुखत नाही.

हिशेब चिरंजीवांनी मांडला. (बारावी कॉमर्स. फीचे पैसे वसूल.) गाडी आठ लाखांची, सात लाख कर्ज, नऊ टक्क्यांनी, पाच वर्षं. हप्ता १४,५३१ रुपये. गेल्या महिन्यात गाडी बाहेर पडली चारदा, म्हणजे पेट्रोल आणि विमा न धरता खेपेला ३,६३३ रुपये. त्यातली एक खेप पीयूसी काढायला, एक हवा भरायला. शिवाय किमतीच्या ११ टक्के, म्हणजे ८८ हजारांचा रस्ता कर आम्ही एकरकमी भरून बसलोय. रस्त्याचा!

"प्रत्येक गोष्ट पैशात मोजायची नसते," सौ. म्हणाल्या. "रात्री-अपरात्री लागली तर? दारात असावी." लागली एकदा. रात्री दीडला आईला घेऊन खाली उतरलो, तर आमच्या गाडीपुढे दुसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी आडवी. ते गावाला गेलेले. रेल्वेनं.

रोजचा म्हणावा असा वापर एकट्या उंदरानं केला. बॉनेटखाली राहून त्यानं वायरी कुरतडल्या. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गाडी चालवत जा." डॉक्टर मला नेमकं उलटं म्हणतात, चालत जा. दोघांचं एकदम कसं ऐकायचं? शेवटी आत तंबाखूची पुडी ठेवली. उंदीर गेला, सोसायटीचा वॉचमन मात्र बॉनेटच्या आसपास दिसू लागला.

खरी भीती वेगळीच. गाडी काढली की जागा जाते. म्हणून जागा धरायला एक जुनी स्कूटर घेतली. आता भाजी, दळण, दवाखाना, सगळं तिच्यावरून होतं. परवा सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला निघायचं ठरलं. सगळे नटून खाली उतरले, पण जागा धरायला स्कूटर कुठे होती? चिरंजीव ती घेऊन दळणाला गेले होते.

दहाची पीएमपी पकडली.