पार्किंगमध्ये उभं कलम

पालघर जिल्ह्यातल्या रस्त्याकडे दिल्लीने बघावं असं वाटत असेल, तर त्यावर कोणीतरी मोठा माणूस मरावा लागतो. ४ सप्टेंबर २०२२ च्या रविवारी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री बसलेली मर्सिडीज कठड्यावर आदळली. मिस्त्रींसह मागच्या सीटवरचे दोघेही गेले. दोन दिवसांत अख्ख्या देशाला शोध लागला की मागच्या सीटलाही पट्टा असतो. नियम जुनाच होता, तो वाचायला निमित्त तेवढं मोठं मिळालं नव्हतं.

पुढचे दोघे जखमी होते. त्यांना नेलं वापीला. आमच्याकडे अपघात महाराष्ट्रात होतो आणि जीव वाचवायला गुजरात गाठावं लागतं.

कासा पोलिसांनी गाडी चालवणाऱ्या डॉक्टरबाईंवर दंडविधानाचं ३०४-अ लावलं. हयगयीने मृत्यू, जास्तीत जास्त दोन वर्षं. सदोष मनुष्यवधाचं कलम लावा म्हणून एक जण हायकोर्टात गेला. जानेवारी २०२३ मध्ये याचिका खर्चासकट फेटाळली. तोवर खिशात हात घालायची पाळी आली ती याचिकाकर्त्यावर.

आणि पूल? तीन पदरी रस्ता तिथे दोन पदरी होत होता. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात १९८-अ आहे. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत कसूर होऊन कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदाराला, सल्लागाराला, यंत्रणेला दंड. किती? एक लाखापर्यंत. कैद नाही. ठेकेदाराला कायदा नेहमीच घरचा पाहुणा समजत आला आहे.

३०४-अ हे कलम दंडविधानात आलं १८७० साली. तेव्हा मोटार जगात जन्मलीही नव्हती. घोडागाडीच्या जमान्यातली ती दोन वर्षं आपण मर्सिडीजच्या जमान्यापर्यंत जपून आणली. १ जुलै २०२४ ला दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम १०६ मध्ये त्यांची पाच झाली. गुन्हा जामीनपात्रच राहिला. बेदरकार गाडी हाकण्याचं कलम मात्र बघा: पूर्वीचं २७९, आताचं २८१. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. १८६० सालीही हजारच होता. हेल्मेट नसेल तर मोटार वाहन कायदाही हजारच सांगतो, म्हणजे स्वतःचं डोकं उघडं ठेवणं आणि दुसऱ्याचं फोडायला निघणं, दोन्ही एकाच भावात. गेल्या दीडशे वर्षांत ज्याला महागाई शिवली नाही अशी ही एकच वस्तू असेल.

नव्या संहितेत खरे दात होते ते १०६ च्या दुसऱ्या उपकलमाला. माणूस मारून पळालात, पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला कळवलं नाहीत, तर दहा वर्षांपर्यंत. संहिता लागू होण्याआधीच, जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत, या उपकलमाविरुद्ध ट्रक जागच्या जागी उभे राहिले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. व्हॉट्सॲपने दंड सात लाख ठरवून टाकला. कलमात दंडाचा आकडाच नाही. सरकारने चर्चा करू म्हटलं. बाकी संहिता लागू झाली, हे उपकलम वगळून. ट्रक दोन दिवसांत हलले. कलम अजून पार्किंगमध्येच आहे.

ड्रायव्हर म्हणतात, थांबलो तर जमाव जीव घेतो. ही भीती पालघरकराने तरी खोटी म्हणू नये. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचल्यात, पोरं पळवणारे आल्याच्या अफवेवरून, पोलिसांदेखत तिघांना ठेचून मारलं. दोन साधू देशाच्या लक्षात राहिले. तिसरा त्यांचा ड्रायव्हर होता. त्याने कोणाला धडकही दिली नव्हती, आणि त्याच्यासाठी टीव्हीवर कोणी घसाही फोडला नाही. पण ते कलम ‘तिथेच थांब आणि मार खा’ असं म्हणतच नव्हतं. जाऊन कळव, एवढंच म्हणत होतं. मनोर, कासा, तलासरी... या महामार्गावर ठाणी काही शोधावी लागत नाहीत.

पळण्याचा मक्ता ट्रकवाल्यांकडेच आहे असंही नाही. संहिता लागू होऊन आठवडा व्हायचा होता. ७ जुलै २०२४ च्या पहाटे, ससून डॉकवरून मासळी घेऊन निघालेल्या कोळीवाड्यातल्या जोडप्याच्या स्कूटरला वरळीत बीएमडब्ल्यूने उडवलं. बाई गेली. आरोपी सापडला दोन दिवसांनी, विरारला. शिंदेसेनेच्या पालघरच्या उपनेत्याचा मुलगा. वडिलांनी ड्रायव्हरला गुन्हा अंगावर घ्यायला सांगितलं, असा पोलिसांचा आरोप. न्यायनिवाडा कोर्ट करेल. वडिलांचं पद गेलं आणि आरोपी ज्या जुहूच्या बारमध्ये बसला होता, तिथलं बेकायदा बांधकाम तिसऱ्या दिवशी पाडलं. भिंतीला वकील करता येत नाही.

तरी या प्रकरणांत गाडीला नंबर आहे, चालकाला नाव आहे. चिल्हार फाट्याहून बोईसरला येणारा रस्ता घ्या. तारापूर एमआयडीसीतली पाळी सुटलेली, हँडलला डबा अडकवून सायकलवर निघालेला कामगार, दिवा नाही, चमकता पट्टा नाही. शेजारून टँकर धडक देऊन जातो. मागे धोकादायक रसायनाचा चौकोन लख्ख, नंबरप्लेट मात्र चिखलाने अशी लिंपलेली की एमएच ४८ की जीजे १५ हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. सकाळी ठाण्यात फिर्याद लिहिली जाते: अज्ञात वाहनावरील अज्ञात चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून... अज्ञात माणसाबद्दल इतकी ज्ञात माहिती फक्त आमच्या पोलिसांकडेच असते.

या अज्ञाताला दोन वर्षं सांगा, दहा सांगा, जन्मठेप सांगा. त्याच्या बापाचं काय जातं? शिक्षा वाढवायला संसदेत एक ओळ पुरते. प्लेटवरचा चिखल पुसायला लावण्यासाठी रस्त्यावर हवालदार उभा करावा लागतो, आणि तो तिकडे वसुलीतून मोकळा व्हावा लागतो.

गाडी सापडलीच नाही तर सरकार मृताच्या घरच्यांना २ लाख देतं, गंभीर जखमीला ५० हजार. १ एप्रिल २०२२ पासून ही योजना आहे. २०२२ मध्ये देशात धडक देऊन पळाल्याचे ६७,३८७ अपघात झाले. २०२२-२३ मध्ये भरपाईसाठी अर्ज आले २०५. हे आकडे वाचून सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये बजावलं, महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी या भरपाईची माहिती जखमीला किंवा वारसांना लेखी द्यावी. त्याच कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्या वरळीच्याच प्रकरणात, अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला सांगितली. न्यायाधीशापुढे नेण्याआधी निदान दोन तास, नाहीतर अटकच बेकायदा. रास्त आहे. आरोपीचा कागद चुकला तर त्याचा वकील त्याच दिवशी कोर्टात ओरडेल. बोईसरच्या विधवेचा कागद चुकला तर ओरडणार कोण? तेव्हा महिना उलटून गेला असेल आणि ठाण्यातून काही आलं नसेल, तर वाट बघत बसू नका. एफआयआरची प्रत घ्या आणि पालघरला तहसीलमध्ये जाऊन अर्जाचं विचारा. जायचं तर लोकलने जा.