तीनने भागा!

वळवाचे ढग दाटले की गावोगावचे निवृत्त गुरुजी बोट वर करतात. वीज चमकली की सगळ्यांनी गप्प बसायचे, कारण गुरुजी मोजत असतात. गडगडाट झाला की निकाल: "नऊ! तीनने भागा. तीन किलोमीटर!" आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे गणित चोख आहे. वैताग गुरुजींचा आहे.

एका लग्नात भटजींनी 'सावधान' म्हणायला आणि आभाळ लखलखायला एकच गाठ पडली. गुरुजींनी अक्षता खिशात घातल्या. "सहा! तीनने भागा, दोन किलोमीटर! मांडव म्हणजे निवारा नव्हे, घरात चला!" नवरी माजघरात, नवरदेव ओसरीवर, अंतरपाट भटजींच्या काखेत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडायचे नाही, हा गुरुजींचा दुसरा नियम. मुहूर्त टळला, मठ्ठा संपला. घरी बायकोने पातेले आदळले, तेव्हा मात्र त्यांनी मोजले नाही. तिथे भागण्याइतके अंतरच उरले नव्हते.

"अमका पायाळू आहे, त्याला आधी आत घ्या," असे कुणी म्हटले की ते खवळतात. "वीज जन्माची कुंडली बघत नाही!" मोबाइल बंद करणाऱ्याला ते पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप उघडायला लावतात. गच्चीवर रील काढणाऱ्या पोरांना आमेर ऐकवतात: ११ जुलै २०२१, जयपूरजवळचा टेहळणी बुरूज, सेल्फी काढणारी माणसे, ११ मृत्यू.

निवाराच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, हे त्यांनी ग्रामसभेत करून दाखवले. उठवायला दोघे लागले. हसू ओसरल्यावर कारण सांगितले: वीज जमिनीतून पसरते, आणि पायांत जितके अंतर तितका धोका. जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब, म्हणून ते आधी जाते. पुढे ते बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांची बैलजोडी लिंबाखालीच गेली, हे जुनी माणसे सांगतात.

परतीच्या पावसात सोयाबीन सोंगणाऱ्या बायका चिंचेखाली उभ्या राहिल्या, तेव्हा गुरुजी चिखल तुडवत, ओरडत आले आणि सगळ्यांना शाळेच्या पक्क्या खोलीत हाकलले. चिंचेवर वीज पडलीच नाही, त्यामुळे श्रेय शून्य. बायकांनी बुडालेला अर्धा रोज गुरुजींकडेच मागितला. त्यांनी तो दिला म्हणतात, तीनने भागून.

देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात. तुमच्या गावात असा मोजणारा असेल तर त्याला खुशाल हसा, पण आधी घरात शिरा.