आबांचा टॉपर

कुंडलात आबांच्या जातकुळीचा माणूस गल्लीगणिक एक तरी सापडतोच. अख्खी नोकरी किर्लोस्करवाडीत लेथवर गेलेली. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण हात अजून व्हर्नियर शोधतो. भाकरीची जाडीही मोजतील, पण बायकोचा, म्हणजे आक्कांचा, धाक आहे.

आबांना गादी घ्यायची नाही. गादी आहे, काथ्याची, कडक. पाठ दुखते म्हणून तिच्यावर टाकायचा मऊ टॉपर घ्यायचा आहे. द्राक्षांचे दोन हंगाम उलटले, निवड चालू आहे.

पलूसच्या दुकानात ते मेमरी फोमवर मूठ दाबतात आणि खड्डा भरून यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघतात. दुकानदार ‘नासाचं तंत्रज्ञान’ म्हणाला की आबांना चेव येतो. ‘‘आरं, ते १९६६ साली इमानातल्या शिटांसाठी काढलं! इमानात एसी आसतोय. हितं एप्रिलात रातच्याला भिंती तापल्याल्या. ह्यो फोम अंगाच्या उबीनं मऊ हुतोय, मानूस आत रुततोय. रुतला की वारं बंद, वारं बंद की घाम!’’ जेल घातलेला दाखवला तर म्हणतात, ‘‘घटकाभर गार, मग त्योबी तापतोय.’’ लॅटेक्सवर मात्र जीव जडलाय. रबराच्या चिकाचा, भोकं पाडलेला, वारा खेळणारा. दाबला की लगेच उसळतो. किंमत ऐकली की आबा उसळतात.

मग कापूस आठवतो. घाम शोषतो, उन्हात टाकला की फुलतो. पण दबून गुठळ्या होतात, आणि पिंजारी आता दारावर येत नाही.

कुस्तीच्या मैदानातही हेच. पैलवान चितपट झाला, सगळं कुंडल टोप्या उडवत ओरडलं. आबा हौद्याकडे बघत म्हणाले, ‘‘माती पाठीला झ्याक बसली. मऊ हाय, पर खचत न्हाई.’’

शेवटी जावयाचा मेमरी फोम चाचणीला आणला आणि त्यावर आक्कांना झोपवलं. रात्री दोन वाजता चादरीखाली थर्मामीटर सरकवून आबांनी विचारलं, ‘‘अगं, झोप कशी लागली?’’

‘‘लागली हुती. तुमी मोडली.’’

आबांनी वहीत नोंद केली: ‘उष्णता जास्त. वापरणारा चिडतो.’ आक्का वाकळ घेऊन गच्चीवर गेल्या आणि सकाळपर्यंत घोरल्या. ती नोंद वहीत नाही.

तुम्हाला टॉपर घ्यायचा असेल तर आबांना जरूर विचारा. गादीच खचली असेल तर टॉपर घेऊ नका. उकाडा सोसत नसेल तर मेमरी फोमच्या नादी लागू नका. लॅटेक्स परवडला तर दोन इंची घ्या. आणि काहीही घेतलं तरी वर प्लॅस्टिकची नव्हे, सुती खोळ घाला. सल्ला चोख असतो, फुकटही असतो. फक्त रात्री त्यांच्याकडे मुक्कामाला राहू नका.