सहाव्या बोटाच्या शोधात

इतरांचा व्हिडिओ जिथे संपतो तिथे तात्यांचा सुरू होतो. आपण हसतो, हळहळतो, 'अरे बापरे' म्हणतो आणि चार ग्रुपांवर ढकलून मोकळे होतो. तात्या तो मध्येच थांबवतात, दोन बोटांनी ताणतात, चष्मा कपाळावर चढवून मोबाइल नाकाला टेकवतात आणि जाहीर करतात, "डावा हात बघा."

डाव्या हाताचं काय, असं विचारायची पद्धत आमच्या सोसायटीत आता राहिलेली नाही. विचारलं की पाऊण तास जातो.

असे तात्या हल्ली सगळीकडे आहेत. प्रत्येक सोसायटीला, प्रत्येक घराण्याच्या ग्रुपला आणि शाळेच्या प्रत्येक जुन्या बॅचला एक तरी लाभलेला आहे. वय साठीपुढचं, पेन्शन वेळेवर, मोतीबिंदू काढून डोळ्यांत बसवलेली कोरी भिंगं, आणि त्या भिंगांना दिवसभर काम नाही. आमचे तात्या बँकेत कॅशियर होते. पाचशेची नोट उजेडात धरायची, गांधीजींची छाया बघायची, चमकता धागा बघायचा, अंगठ्याने कागद चोळायचा आणि समोरच्याकडे असं पाहायचं की खऱ्या नोटेचा मालकही घामाघूम व्हावा, हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षं केलं. निवृत्त झाले आणि पाठोपाठ भाजीवालाही क्यूआर कोड लावून बसला. हातात नोट येईनाशी झाली. नजर मात्र तशीच राहिली. तिला खाद्य मिळालं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये, रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या देहावर बसवलेला तो लिफ्टमधला व्हिडिओ देशभर गाजला तेव्हा. तात्यांनी तो किती वेळा पाहिला हे काकूंनी मोजलं होतं. अभ्यासासाठी पाहिला, असं तात्या म्हणतात.

त्यांच्या तपासणीला क्रम आहे. आधी लांबी. गूगलच्या व्हिओ ३ ने मे २०२५ मध्ये आवाजासकट व्हिडिओ बनवून द्यायला सुरुवात केली, ते आठ-आठ सेकंदांचे. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस ओपनएआयचं सोरा २ आलं, त्याचे सुरुवातीला दहाच्या आसपास. त्यामुळे कुणीही काहीही लावलं तरी तात्यांचे ओठ हलू लागतात. नवख्याला वाटतं नामस्मरण चाललंय. आठाला दृश्य बदललं की उजवी भुवई वर जाते, दहाला बदललं की दोन्ही. मग खुणेची तपासणी. सोराच्या व्हिडिओवर डोळे असलेला एक छोटा ढग जागा बदलत फिरायचा. तो पुसून देणारे कारागीर लगेच निघाले, पण पुसल्या जागी धूसर डाग राहायचा. "ढग गेला, ओल राहिली," असं तात्या म्हणतात आणि आपल्याच वाक्यावर खूश होऊन गप्प बसतात. त्यांचं गप्प बसणं दुर्मीळ असल्यामुळे आम्हीही खूश होतो.

चित्र खराब असलं की तात्यांचा संशय दुप्पट होतो, आणि हे मात्र त्यांचं खरोखर बरोबर आहे. खोट्याला अंधार मानवतो. जुलै २०२५ मध्ये घरामागच्या ट्रॅम्पोलिनवर रात्री ससे उड्या मारताहेत असा व्हिडिओ जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिला. सीसीटीव्हीचा करडा उजेड, एका जागी खिळलेला कॅमेरा, धूसर चित्र. त्यात चुका कोण बघतो? तात्या बघतात. उडी मारता मारता एक ससा नाहीसा होतो. पहिल्या मजल्यावरची चिमुरडी तो व्हिडिओ बघून टाळ्या पिटत होती, तिला तात्यांनी तो ससा कुठल्या क्षणी विरतो ते दाखवलं. पोर रडायला लागली. "ससा मेला नाही बाळा, तो नव्हताच," ही तात्यांनी घातलेली समजूत. ती आणखी जोरात रडली.

मराठी वेषावर त्यांचा खास जीव. यंत्राने काढलेल्या नऊवारीचा काष्टा कुठून निघतो आणि कुठे खोचला जातो याचा माग ते तपास अधिकाऱ्याच्या चिकाटीने काढतात. नथ नाकात न अडकता गालावर उगवली आहे, मंगळसूत्राची वाटी मानेच्या कातडीत विरघळली आहे, बांगड्या हात वर केल्यावर सहाच्या आठ झाल्या आहेत. लेझमीच्या पथकातली मुलगी खांबाआड जाताना निळ्या परकरात होती, बाहेर आली ती हिरव्या. का, तर यंत्राच्या लेखी खांबामागे कुणी नसतंच. लाखो व्हिडिओ पाहून पडद्यावर कुठला ठिपका कुठल्या रंगाचा असण्याचा संभव आहे एवढाच अंदाज ते बांधतं. मुलगी ही खांबामागेही मुलगीच राहते, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. हे सगळं तात्या मला नव्हे, रात्रपाळीच्या वॉचमनला समजावून सांगतात. तो जागा राहतो, ही सोसायटीची सोय.

दुकानांच्या पाट्यांबाबत मात्र ते एकदा गोत्यात आले. मागे दिसणारी देवनागरी पाटी नीट वाचता येत नसेल तर व्हिडिओ बनावट, हा त्यांचा सिद्धान्त. कुणीतरी तुंबलेल्या गटाराचा व्हिडिओ टाकला, मागे पालिकेच्या कार्यालयाचा फलक, त्यावर 'महानगरपालीका'. तात्यांनी तत्काळ निकाल दिला. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई त्या फलकासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून फोटो पाठवला. फलक खरा, गटार खरं, दीर्घ 'ली' खरी. बाईंनीच मग नियम दुरुस्त करून दिला: माणूस चुकतो तेव्हा खरी अक्षरं चुकीच्या जागी टाकतो, यंत्र चुकतं तेव्हा जे काढतं ते कुठल्याच बाराखडीत नसतं, नुसती शिरोरेषा आणि तिला लोंबणाऱ्या वेलांट्या. तात्यांनी तो नियम स्वीकारला. आता ते तो स्वतःचा म्हणून सांगतात.

त्यांचं खरं दुःख वेगळं आहे. शिकलेली प्रत्येक खूण शिळी होते. २०१८ मध्ये अमेरिकेत सिवेई ल्यू या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डीपफेकमधली माणसं पापण्या जवळजवळ लववतच नाहीत. ज्या फोटोंवरून ते चेहरे शिकवले त्यांत डोळे उघडेच होते, कारण मिटल्या डोळ्यांचा फोटो कोण जपून ठेवतो? हे छापून आलं आणि थोड्याच काळात डीपफेकची माणसं पापण्या लववू लागली. यंत्रवाल्यांना फुकटची शिकवणी मिळाली. बोटांचंही तेच झालं. २०२३ हे साल तात्या आजही असं आठवतात जसं त्यांचे वडील बालगंधर्वांना आठवायचे. "काय दिवस होते! एकेका हाताला सात-सात बोटं! तो विल स्मिथ स्पॅगेटी खातोय, आणि शेवई कुठली नि जीभ कुठली कळत नाही!" आता मात्र हाताला पाच बोटं, पाचही जागच्या जागी, नखांसकट. तात्या मोजतात, पाच भरतात, आणि परीक्षेत नेमका तयारीचा प्रश्न वगळला गेल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

मग ही मोकळी राहिलेली नजर खऱ्यावर वळते. साक्षात हृतिक रोशन त्यांच्या परीक्षेत नापास आहे, कारण त्याच्या उजव्या हाताला जन्मतःच दोन अंगठे आहेत. तात्यांच्या भाचीच्या हळदीचा व्हिडिओ आला, त्यात फोटोग्राफरने सगळ्या मावश्यांना फिल्टर मारून पस्तिशीत नेऊन बसवलं होतं. तात्यांनी घराण्याच्या ग्रुपवर लिहिलं, "त्वचेला रंध्रं नाहीत. संशयास्पद." त्यातली एक मावशी त्यांची थोरली बहीण. भाऊबीज त्या वर्षी फोनवर झाली.

नाणेघाटाचं प्रकरण तर अजून मिटलेलं नाही. ऐन पावसाळ्यात तिथे कड्यावरून पडणारं पाणी दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याने उलटं फेकलं जातं, पर्यटक मुद्दाम ते बघायला जातात. तात्यांनी निवाडा दिला: "पाणी वर चाललंय. न्यूटनला विचारा." काकू म्हणाल्या, गाडी करू, एक दिवस जाऊन बघून येऊ. तात्या म्हणाले, "तिथे जाऊन काय कळणार? झूम कुठे करता येतं?"

काकूंची पद्धत पार निराळी. त्या बोटं मोजत नाहीत, त्यांना मुळात चष्माच सापडत नसतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय, आपली मुलगी त्यातून रोज पैसे कमावते असं सांगतोय, असा व्हिडिओ फिरला. तो खोटा असल्याचं पुढे सचिनने स्वतःच सांगितलं. तात्या त्या वेळी ओठांची हालचाल आणि शब्द जुळतात का ते तपासत होते. ओठ बऱ्यापैकी जुळत होते, म्हणून ते अस्वस्थ. काकू स्वयंपाकघरातून नुसतं ऐकून म्हणाल्या, "आपल्या लेकीची कमाई बाप चारचौघांत सांगेल का? खोटं आहे. आणि तो कांदा चिरून द्या." हा निकष तात्यांना मान्य नाही. त्यात तांत्रिक असं काही नाही, असं ते म्हणतात. माझं मत विचाराल तर बनावट व्हिडिओंच्या धंद्याला तात्यांपेक्षा काकूंचा धोका जास्त आहे. पापण्या लववायला यंत्र शिकलं; हा सांगणारा कोण, त्याला आपल्याकडून काय हवंय, हे काकू विचारणारच, आणि त्यावर अजून कुठलं अपडेट आलेलं नाही.

तरी तात्यांचा एक विजय नोंदवायलाच हवा. २०२५ मध्ये पेंचच्या जंगलाच्या नावाने एक व्हिडिओ आला. रात्रीचा रस्ता, झिंगलेला माणूस, समोर वाघ. माणूस वाघाचं डोकं थोपटतो आणि त्याला बाटली पुढे करतो. अख्खी सोसायटी त्या दारुड्याच्या कौतुकात बुडाली होती. तात्यांनी दारुड्याकडे पाहिलंही नाही. कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, गणनेच्या वेळी त्यांवरूनच वाघ ओळखतात, तेव्हा आधी पट्टे तपासा, असे त्यांनी मध्यरात्रीपर्यंत चार लांबलचक संदेश टाकले. पुढे पेंचच्या अधिकाऱ्यांनीही तो व्हिडिओ खोटा असल्याचं सांगितलं. त्या आठवड्यात तात्या लिफ्टमध्ये शिरले की लोक बाजूला सरकून जागा देत.

या मानाच्या जोरावरच ते गेल्या सर्वसाधारण सभेत ताठ बसले होते. विषय क्रमांक सात: आवारातली जास्वंदीची आणि अनंताची फुलं पहाटे कोण खुडतो. सेक्रेटरींनी प्रोजेक्टर लावला. पाच वाजून बारा मिनिटं, करडा उजेड, कानटोपी घातलेली एक आकृती टाचा उंचावून फांदी वाकवते आहे, दुसऱ्या हातात पिशवी. सभागृहात कुणी काही बोललं नाही, पण सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

तात्या उठले. चष्मा कपाळावर गेला. पडद्याजवळ जाऊन त्यांनी हाताची बोटं मोजली. सावली डावीकडे पडते आहे आणि दिवा तर उजवीकडे नाही, असं ते म्हणाले. फांदी वाकताना पानं एकसारखी हलतात, हे नैसर्गिक नव्हे. पिशवीचा बंद मनगटात मिसळलेला दिसतो. "आठव्या सेकंदाला कट आहे," असंही त्यांनी सांगितलं; तो सेक्रेटरींनी चहा आला म्हणून दाबलेला पॉझ होता. बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या अमेरिकी कायदेपंडितांनी २०१९ मध्येच लिहून ठेवलं होतं की बनावट व्हिडिओ बोकाळले की त्याचा फायदा खऱ्या व्हिडिओत पकडल्या गेलेल्यांना होईल. त्यांच्यापुढे पुढारी आणि निवडणुका होत्या. जास्वंद त्यांच्या ध्यानात आली नसावी.

सभा जवळजवळ डळमळली होती. खजिनदारांनी तर "तज्ज्ञांचं मत घ्यावं का?" असं विचारलंही. तेवढ्यात मागच्या रांगेतून काकू म्हणाल्या, "पिशवी आपली आहे. नंदूच्या मुंजीतली. मी आठवडाभर शोधतेय."

दोनशे एक्कावन्न रुपये दंड एकमताने मंजूर झाला. तात्यांनी तो तिथेच रोख भरला. सेक्रेटरींनी पाचशेची नोट घेऊन दिव्याकडे धरली तेव्हा तात्यांच्या कपाळाला घाम आला, पण इतिवृत्त वाचून दाखवलं जाताच ते पुन्हा उभे राहिले आणि 'व्हिडिओ' या शब्दाआधी 'कथित' घालण्याची दुरुस्ती त्यांनी सुचवली. अनुमोदक मिळाला नाही.